खिशातली गाडी

बंदराच्या कंट्रोल रूममध्ये सकाळी सहाला खुर्चीत टेकल्या टेकल्या नाना पहिलं काम करायचे ते गाडी लपवण्याचं. चष्मा पुसणं नंतर, जांभई नंतर, आधी गाडी.

आता कंटेनर वाहणारी गाडी म्हणजे काही चिल्लर नव्हे, की मुठीत धरली आणि झालं. चांगली ट्रकाएवढी लांब, सपाट पाठीची, विजेवर चालणारी आणि बिनड्रायव्हरची. क्रेनने जहाजावरून उतरवलेला कंटेनर पाठीवर घ्यायचा आणि मागच्या यार्डात नेऊन द्यायचा, एवढंच तिचं काम. अशा पंचवीस गाड्या होत्या. नाना त्यातली एक निवडायचे, स्क्रीनवर तिच्या नंबरावर बोट ठेवायचे आणि पुढे 'तपासणीत' असं टाकून द्यायचे. गाडीला धाड भरलेली नसायची. पण तपासणीत म्हटल्यावर ती यार्डात जिथे असेल तिथेच मुकाट उभी राहायची आणि तिला कोणी काम सांगायचं नाही. कालची सोडायची, आज वेगळा नंबर, म्हणजे कुणाला संशय नको.

हिला नाना 'खिशातली गाडी' म्हणायचे. मनातल्या मनात, अर्थात. कारण या प्रकाराचा पहिला नियमच असा, की कुणाला सांगायचं नाही.

ही खोड बावीस वर्षांची होती, आणि उगाच लागलेली नव्हती. ड्रायव्हरवाल्या गाड्या होत्या तेव्हा नाना वॉकीटॉकीवरून कामं वाटायचे. क्रेन कंटेनर घेऊन वर लटकलीय आणि खाली गाडीच नाही, असं झालं की बंदरातले लोक म्हणतात, क्रेन उपाशी राहिली. उपाशी क्रेनसारखी बदनामी नाही. जहाजाचा कप्तान ओरडतो, साहेब ओरडतो, आणि सगळे मिळून वाटप करणाऱ्याच्या डोक्यावर बसतात. ड्रायव्हर म्हणजे माणसं. एकाची पाठ धरायची, दुसऱ्याचा मेहुणा भेटायला यायचा, दोघांचं भर रस्त्यात जुंपायचं. म्हणून नाना एक ड्रायव्हर वजनकाट्याच्या मागे बसवून ठेवायचे. "टायर बघ जरा," एवढंच सांगायचे. आणि सगळं गळ्याशी आलं की हळूच म्हणायचे, "काट्यामागचा, निघ रे!" गाडी हजर. मोठ्या साहेबांना वाटायचं, नानांच्या हातात जादू आहे. नानांनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. करतील कशाला?

आठ महिन्यांपूर्वी ड्रायव्हर गेले. बरेचसे क्रेनवर किंवा गेटवर दुसऱ्या कामाला लागले, काहींनी घरी बसणं पत्करलं. नव्या गाड्या आल्या, आणि गाड्यांना कामं वाटणारा प्रोग्रामही आला. तो बसवायला कंपनीने जी इंजिनियर पाठवली ती कोण? नानांची सख्खी सून!

सूनबाई तशी हुशार, पण नाकासमोर चालणारी. पहिल्याच दिवशी तिने नानांना खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि प्रोग्राम समजावून सांगितला.

"नाना, आपल्याला वाटतं, जवळची गाडी जवळच्या कामाला पाठवावी. पण तसं केलं की शेवटच्या क्रेनला कायम लांबची गाडी मिळते आणि ती खोळंबते. म्हणून हा सगळ्या गाड्या आणि सगळी कामं एकदम समोर घेतो, आणि अशा जोड्या लावतो की सगळ्यांचा मिळून खोळंबा कमीत कमी होईल. दर दहा सेकंदांनी परत नव्याने."

"दर दहा सेकंदांनी? दिलेलं काम काढून घेतो?"

"कंटेनर पाठीवर घेतला नसेल तर घेतो काढून."

"ड्रायव्हर असता तर शिव्या घातल्या असत्या," नाना म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांना प्रोग्राम आवडला. दोन-तीन आठवडे त्यांनी डोळ्यांत तेल घालून चुका शोधल्या. हाताशी असलेली गाडी सोडून हा गाढव लांबची का बोलावतो, म्हणून चडफडले. मग दोन मिनिटांनी बघावं, तर ती जवळची गाडी आणखी अवघड ठिकाणी ऐन वेळेला पोचलेली असायची. नानांनी मान हलवली. पण खिशातली गाडी काही सोडली नाही. सवयीचं सोडा, भीतीचं काय? क्रेन उपाशी राहिली तर हा प्रोग्राम काय शिव्या खायला पुढे येणार होता?

तर घोडं अडलं ते पुढे.

कंपनीचा करार होता, की एकेका क्रेनने तासाला तीस कंटेनर उतरवले पाहिजेत. सूनबाईच्या गणितात तीसच्या वर येत होते. प्रत्यक्षात येत होते सव्वीस. कधी साडेसव्वीस. आठ महिने झाले, आकडा जागचा हलेना. शेवटी कंपनीने कळवलं, की गुरुवारी एका पूर्ण जहाजावर चाचणी घेऊ. पास झाली तर प्रोग्राम इथे कायम आणि सूनबाईही इथे कायम. नापास झाली तर प्रोग्राम गुंडाळायचा आणि तिने मुख्य ऑफिसात परत जायचं. मुख्य ऑफिस कुठे, तर विमानाने पाच तास.

नानांचा मुलगा घरबसल्या भाषांतराची कामं करायचा. तो काय, बायकोबरोबर कुठेही गेला असता. आणि त्यांच्याबरोबर गेली असती सहा वर्षांची चिमणी. स्वतःची बायको वारल्यापासून पाच वर्षं नाना या घरात एकटे भुतासारखे वावरले होते. संध्याकाळी टीव्ही लावायचा तो बघायला नाही, तर घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी. मग ही तिघं राहायला आली आणि घर गजबजलं. आता नाना घरी आले की चिमणी दारातच त्यांची पिशवी हिसकावून घ्यायची आणि आत काय काय आहे ते मोठ्याने जाहीर करायची. ही सगळी गेली तर परत तोच टीव्ही.

सोमवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर सूनबाई टेबलावरच लॅपटॉप उघडून बसली. मुलगा चिमणीला झोपवायला गेला होता. नाना पाणी प्यायला आले.

"अजून नाही सापडलं?"

"नाही हो नाना." तिने डोळे चोळले. "माझ्याच जोड्या लावण्यात कुठेतरी चूक आहे. बावीस गाड्यांवरही एकोणतीस यायला पाहिजेत."

"बावीस कशा? पंचवीस आहेत की."

"दोन-तीन कायम तपासणीतच असतात. नव्या गाड्या, थोडीफार दुखणी असणारच. ते मी धरलंय. पण बावीस गाड्यांनीसुद्धा सव्वीस म्हणजे फारच कमी. गाड्या लांबून लांबून वळसे घालतात, आणि का घालतात ते मला कळत नाही. आठ महिने झाले. मला वाटायला लागलंय, हे काम मला येतच नाही."

नानांनी पेला ठेवला आणि खोलीत जाऊन पलंगावर बसले. दोन-तीन गाड्यांपैकी एक कुणाची, ते त्यांना माहीत होतं. बाकीच्या बिचाऱ्या खरोखर आजारी असतील. पण एक त्यांची होती. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं त्यांनी पाहिली होती, पण आठ महिने रोज सकाळी सहाला, नेम धरून?

सांगून टाकावं का? त्यांनी दोनदा दारापर्यंत जाऊन पाहिलं. काय सांगणार? की सूनबाई, तू ज्या चुकीसाठी जिवाचं रान करतेयस, ती तुझ्या सासऱ्याने खिशात घातलीय? नाना परत येऊन बसले. मग त्यांना आपल्या मते फार नामी युक्ती सुचली. उद्यापासून गाडी लपवायचीच नाही. गाडी गुपचूप कामाला लागेल, आकडा तीसवर जाईल, चाचणी पास होईल आणि कुणाला काही कळायचं नाही. चोरी गुपचूप केली, तशी परतफेडही गुपचूप करू!

मंगळवारी त्यांनी गाडी लपवली नाही. दिवसभर हाताला खाज सुटल्यासारखं झालं होतं. आकडा आला सत्तावीस. बुधवारीही सत्तावीस.

सत्तावीस बघून नानांना आधी हायसं वाटलं. म्हणजे सगळं पाप आपलं नव्हे तर! आपल्या गाडीचा वाटा फक्त एका कंटेनरचा, बाकी काहीतरी दुसरंच आहे. मग लगेच लक्षात आलं की दुसरं काय, ते तर आपल्यालाही ठाऊक नाही. आणि उद्या गुरुवार.

गुरुवारी सकाळी सहाला जहाज धक्क्याला लागलेलं होतं. सहा क्रेन, चौदाशे चाळीस कंटेनर, दोन वाजेपर्यंत उतरवायचे. वरून तपासनीस बाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या, समोर उघडलेलं रजिस्टर. त्यांनी नियम वाचून दाखवला: चाचणी चालू असताना एकाही गाडीची स्थिती बदलायची नाही. बदलायचीच झाली, तर मोठ्याने सांगायचं, कारण द्यायचं आणि रजिस्टरात सही करायची. मोठे साहेब हाताची घडी घालून मागे उभे होते. त्यांनी तिन्ही पाळ्यांचे वाटपवाले हजर ठेवले होते. सकाळचे नाना. दुपारचा लंबू, ज्याला खोलीत शिरताना मान वाकवावी लागायची. आणि रात्रीचा पेन्शनर. पेन्शनर अजून चाळिशीतलाच होता, पण नोकरीला लागल्याच्या दिवसापासून निवृत्तीनंतर काय काय करणार तेच सांगायचा, म्हणून ते नाव. दोघंही नानांच्या हाताखाली शिकलेले.

सूनबाई मधल्या स्क्रीनसमोर बसली. तिने नानांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. नानांनीही केला. दोघांचंही जमलं नाही.

साडेनऊला भिंतीवरच्या पाटीवर दिसत होतं, की क्रेनमागे तासाला सत्तावीस. दहा वाजता झालेले कंटेनर सहाशे अठ्ठेचाळीस. व्हायला हवे होते सातशे वीस. बहात्तर मागे. सूनबाई रिकामा पेला तोंडाला लावत होती, त्यात पाणी नाही हेही तिला कळत नव्हतं.

नानांना स्क्रीनकडे बघवेना, म्हणून त्यांनी लंबूकडे बघितलं. आणि तिथेच त्यांना काहीतरी खटकलं. लंबू दर दोन-तीन मिनिटांनी स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्याकडे डोळे फिरवत होता. गर्दीत शिरलेला माणूस सारखं पाकीट चाचपतो ना, तसं. त्या कोपऱ्यात सात नंबरची गाडी उभी होती. तपासणीत.

ती नजर नानांच्या ओळखीची होती. बावीस वर्षं ते स्वतः तसेच बघत आले होते.

त्यांनी लंबूला दंडाला धरून पाण्याच्या पिंपापाशी नेलं.

"सात नंबर कुणाची?"

"वर्कशॉपची."

"माझ्याकडे बघून बोल."

लंबूने बघितलं नाही. "नाना, तुम्हीच तर शिकवलंत," तो कुजबुजला. "एक गाडी कायम खिशात ठेवायची आणि कुणाला बोलायचं नाही."

"ते ड्रायव्हर होते तेव्हा, मेल्या! तू अजून करतोस?"

"का, तुम्ही नाही करत?"

त्यांनी विषय बदलला. "आणि ती दुसरी तपासणीतली, एकोणीस नंबर?"

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. पेन्शनर छताकडे बघत होता. त्या छताकडे इतकं मन लावून आजवर कुणी पाहिलं नसेल.

तोही पिंपापाशी आला. तोंड गोरंमोरं. "नाना, आज तुमच्यासाठीच ठेवलीय हो. सूनबाईंची चाचणी, ऐन वेळी काही झालं तर हाताशी असावी म्हणून. एरवी मी माझ्यासाठी ठेवतो."

"मीपण आजची तुमच्यासाठीच," लंबू म्हणाला. "काल दुपारपासून."

नानांनी पिंपाला हात टेकला. तीन पाळ्या, तीन खिसे! एकेकाने आपापली गाडी दडवायची आणि पाळी संपली तरी तिथेच ठेवायची, कारण दुसऱ्याच्या हातात दिली तर तो वापरून संपवेल. दुसऱ्या दोघांच्या गाड्या दिसल्या की समजायचं, त्या खऱ्या आजारी. वर्कशॉपवाल्यांना वाटत होतं, सॉफ्टवेअरवाले बघताहेत. सॉफ्टवेअरवाल्यांना वाटत होतं, वर्कशॉपवाले बघताहेत. आणि एका कोपऱ्यात तीन गाड्या दिसल्या तर कुणी विचारेल, म्हणून तिघांनी तीन वेगळे कोपरे निवडलेले.

कोपरे! नानांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी तपासणीत गेली की तिच्याभोवतीचा रस्ता आपोआप बंद व्हायचा; ही सुरक्षेची सोय गाड्यांच्या आतलीच, सूनबाईच्या प्रोग्रामात ती नव्हती. मेकॅनिक पायी तिथे येणार, त्याच्या अंगावर दुसरी गाडी जायला नको म्हणून. एका रस्त्याने असं काय बिघडतंय, असं नाना आठ महिने म्हणत होते. पण तीन गाड्या म्हणजे तीन रस्ते बंद, आणि बाकीच्या बावीस गाड्या दिवसभर वळसे घालताहेत. सूनबाई ज्या वळशांपायी हैराण झाली होती ते हेच.

"काढा बाहेर दोन्ही," नाना म्हणाले.

"आता?" लंबूचा आवाज चिरकला. "मोठ्याने सांगावं लागेल, नाना. कारण काय देणार? साहेब इथे उभे आहेत. तिघांच्याही नोकऱ्या जातील. राहू द्या ना. दोन गाड्यांनी असा काय फरक पडणार?"

फरक किती पडेल, ते नानांना नेमकं माहीत नव्हतं. कदाचित आता उशीरही झाला असेल. मग अब्रूही जायची आणि चिमणीही. गप्प बसलं तर निदान अब्रू तरी उरत होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि बंदरात नाना म्हटलं की लोक अजून आदराने बाजूला सरकायचे. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. ती पाठमोरी होती. मानेवरचे केस घामाने चिकटले होते, आणि ती स्वतःशीच पुटपुटत, बोटाने टेबलावर काहीतरी मोजत होती. अजूनही स्वतःचीच चूक शोधत होती बिचारी.

नाना तडक तपासनीस बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"सात आणि एकोणीस नंबरच्या गाड्या तपासणीतून बाहेर काढायच्यात."

बाईंनी पेन उचललं. "कारण?"

"कारण काही नाही."

"कारण 'काही नाही' असं लिहू?"

"गाड्यांना काहीच झालेलं नाही, असं लिहा. कधीच झालेलं नव्हतं. आम्ही त्या लपवल्या होत्या."

मोठ्या साहेबांनी हाताची घडी सोडली. "नाना, काय बोलताय काय तुम्ही?"

"खरं तेच बोलतोय साहेब. अडीअडचणीला एक गाडी बाजूला ठेवायची माझी जुनी पद्धत. या दोघांना मीच शिकवली. तिघंही आठ महिने रोज एकेक ठेवत होतो, एकमेकांना न सांगता. माझी मी मंगळवारी सोडली, गुपचूप. या दोन राहिल्यात. आकडा कमी येतोय तो यामुळे, प्रोग्राममुळे नाही." ते सूनबाईकडे वळले. "तुझं काही चुकलेलं नाही, बाळा. चुकलंय ते माझं."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून तिथवर ती पोचलीच नव्हती.

"पहिल्या दिवसापासून?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मी तपासणीच्या रकान्यावर कधी शंकाच घेतली नाही," ती हळू म्हणाली. "सगळं तपासलं. तेवढंच नाही. ते तुम्ही भरत होतात म्हणून."

नानांना वाटलं, तिने ओरडायला हवं होतं. ते परवडलं असतं. पण ती लगेच स्क्रीनकडे वळली. "आधी गाड्या काढा. सही करा नाना, पटकन."

नानांनी सही केली. लंबूने केली. पेन्शनरनेही केली. दोन गाड्या जाग्या झाल्या. दहा सेकंदही गेले नसतील, प्रोग्रामने सात नंबरला तिसऱ्या क्रेनखाली पाठवलं आणि एकोणीसला सहाव्या. बंद रस्ते खुले झाले. इतका वेळ यार्डाला वळसा घालणाऱ्या गाड्या मधूनच सरळ निघाल्या, एकामागोमाग एक. अकरा वाजता पाटीवर आकडा आला चौतीस.

"चौतीस!" लंबू ओरडला, आणि साहेबांच्या नजरेने खाली बसला.

पण बहात्तरची तूट डोक्यावर होतीच. पुढचे तीन तास कसे गेले ते नानांना विचारू नका. बारा वाजता चौतीस. साडेबाराला एका क्रेनची साखळी अडकली, चार मिनिटं गेली, ती नानांनी सेकंदासेकंदाने मोजली. एकला परत चौतीस. पेन्शनर डोळे मिटून बसला होता. या तीन तासांत तो निवृत्तीबद्दल अवाक्षर बोलला नाही. पावणेदोनला तीस कंटेनर उरले. मग वीस. मग सात.

एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी शेवटचा कंटेनर गाडीच्या पाठीवर टेकला. तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं, परत एकदा पाहिलं आणि लिहिलं. "चाचणी पास," त्या म्हणाल्या. "आजची ही नोंदही मी अहवालात ठेवणार आहे, सगळीच्या सगळी."

"ठेवा बाई, खुशाल ठेवा," नाना म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मोठ्या साहेबांनी तिघांना आत बोलावून दहा मिनिटं झाडलं. नोकऱ्या गेल्या नाहीत. चाचणी पास झाली होती, आणि झाली ती नानांनी तोंड उघडलं म्हणून, हे साहेबांनाही दिसत होतं. तिघांना पंधरा पंधरा दिवस घरी बसवलं, पाळीपाळीने. "पहिले नाना," साहेब म्हणाले. "या विद्यालयाचे तुम्हीच हेडमास्तर ना!"

घरी मात्र खरी शिक्षा झाली. सूनबाईने नानांशी बोलणं टाकलं. जेवायला वाढलं की ती चिमणीला म्हणायची, "आजोबांना सांग, ताट वाढलंय." आजोबा समोरच बसलेले. चिमणी मोठ्या आनंदाने निरोप द्यायची आणि उत्तरही घेऊन जायची. मुलाला काहीच कळत नव्हतं. बायको म्हणाली, विचारू नकोस, आणि बाप म्हणाला, काही नाही रे.

शनिवारी पत्र आलं. सूनबाई इथेच कायम. मुलाने ते हॉलमध्ये मोठ्याने वाचलं. चिमणी सोफ्यावर चढून नाचली. नाना बाथरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि टॉवेलात तोंड खुपसून हमसून हमसून रडले. जाणार नाहीत, जाणार नाहीत, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, साबण गेला म्हणाले.

रविवारी सकाळी नाना गॅलरीत पेपर वाचत होते. सूनबाई लॅपटॉप घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"मी हिशेब केलाय," ती म्हणाली. चौथ्या दिवशीचा हा पहिला शब्द. नानांनी पेपर खाली ठेवला.

"आठ महिन्यांत तुम्ही तिघांनी गाड्या लपवल्या. ऐन वेळी क्रेन उपाशी राहायला लागली, म्हणून त्यातली एखादी किती वेळा बाहेर काढलीत, ते मोजलं मी."

"किती वेळा?"

"एकदाही नाही."

"असं कसं होईल? परत बघ."

"तीनदा बघितलंय, नाना. एकदाही लागली नाही."

नानांनी आठवून पाहिलं. खरंच की. रोज लपवायची, रोज चाचपायची, पण काढायची वेळ कधी आलीच नव्हती. बावीस वर्षांची विद्या अशी एका वाक्यात मोडीत निघाल्यावर माणसाला वाईट वाटावं. नाना वाट बघत बसले, आता वाटेल, मग वाटेल. पण वाटलं ते भलतंच. खांद्यावरून कुणीतरी गोणी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटलं. आता बंदरात एकही क्रेन त्यांच्या भरवशावर जेवत नव्हती. कसली म्हणून काळजी नको.

"ड्रायव्हर होते तेव्हा लागायची ग," ते म्हणाले. "आठवड्यातून दोनदा लागायची. माणसं ती. न सांगता बसायची, न सांगता जायची."

"लागत असेल की. पण या गाड्या तशा नाहीत. बॅटरी उतरायला आली की आधी सांगतात. चाक कुरकुरलं तर सांगतात. रस्त्यात साधं खोकं पडलेलं दिसलं तरी सांगतात." ती जराशी थांबली. "अख्ख्या बंदरात न सांगणारे तुम्ही तिघंच होतात, नाना."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ आवळलेले होते, पण डोळे हसत होते. आधी नानांच्या पोटातून एक खुसखुस आली, मग ती फुटली, आणि दोघंही इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. हसता हसता सूनबाईने डोळे पुसले. "फार त्रास दिलात हो तुम्ही मला," ती म्हणाली.

"दिला ग. चुकलो."

आवाज ऐकून मुलगा गॅलरीच्या दारात आला. "काय चाललंय काय तुमचं? तीन दिवस तोंडं फिरवून बसलात, आणि आज हे! झालं तरी काय?"

"काही नाही" हे शब्द नानांच्या जिभेवर तयारच होते. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. तिने लॅपटॉप मिटून मांडीवर ठेवला आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली.

नानांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस इथे. तुम्हा तिघांना या घरातून घालवायला जो निघाला होता ना, तो मीच, दुसरं कुणी नाही. सगळं सांगतो."